कलकत्त्याचा घोडा आणि पुलगावचे मजूर

मंडळी, आज आपण वर्धा जिल्ह्यात बसलो आहोत, तेव्हा सुरुवात पुलगावपासूनच करू या. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडाराच्या सोनेगावजवळच्या मैदानात, नष्ट करायला आणलेला दारूगोळा उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. अशा वेळी घरच्यांनी भरपाई मागायची कुणाकडे? माल सरकारचा, माणसं कंत्राटदाराची!

या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास एका घोड्यापासून सुरू होतो. कलकत्त्याच्या किद्दरपूर गोदीत सरकारी कामगार लोखंडाचा जड तुकडा नेत होते. तो हातातून पडला, आवाजाने एका जहाज कंपनीच्या गाडीचे घोडे बिथरले, एक जखमी झाला. दावा ३५० रुपयांचा. १८६१ मध्ये न्यायमूर्ती बार्न्स पीकॉक यांनी ठरवलं, की गोदी चालवणं हे काही राज्य करणं नव्हे, सरकारने पैसे द्यावेत. घोड्याला न्याय मिळाला. पण त्याच निकालातून उलट अर्थही निघाला : काम ‘सार्वभौम’ असेल तर सरकारवर दावा नाही.

त्याचा फटका पुढे बसला. १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी जप्त केलेलं सोनं घेऊन हवालदारच पाकिस्तानात पळाला. कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा मान्य केला आणि भरपाई मात्र नाकारली. निकाल आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांचा. त्यांनाही तो बोचला असावा, कारण कायदा करा असं त्यांनी त्यातच सुचवलं. विधेयकं आली आणि बारगळली.

मग दारूगोळा म्हटल्यावर मजुराचं दार बंदच का? नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा त्या वेळी लागू होता. त्याच्या कलम २(२) ने सरकारी खात्याचं काम हा त्या खात्याचा ‘व्यवसाय’च मानला. कलम १२ ने कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडून मागता येत असे. त्याने ती मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. आणि मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. आम्ही जन्मभर वर्गात ‘दोष’ आणि ‘दायित्व’ यांतला फरक शिकवत आलो. या कायद्याने तो पैशांत उतरवला. फक्त दावा दोन वर्षांच्या आत करावा लागे. हे गावात कुणी सांगायला जात नाही, ही खरी अडचण.

पैसे किती? मृत्यू झाला तर मासिक मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा अंक. तिशीच्या माणसाला तो २०७.९८. पण मजुरी कितीही असो, २०१८ मध्ये हिशेबात धरायची कमाल ८,००० रुपये. म्हणजे ८,३१,९२० रुपये. ही मर्यादा १५,००० झाली ती जानेवारी २०२० मध्ये, पुलगावच्या स्फोटाला वर्ष उलटून गेल्यावर.