'सेवा' या शब्दाचा खटला

'सेवा' हा शब्द आम्ही कवी मंडळी सढळ हातानं वापरतो. पण या शब्दाच्या अर्थावरून एकदा सर्वोच्च न्यायालयात वाद झाला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

१९९३ सालची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला खासगी रुग्णालयात होत्या. घरी सोडायच्या दिवशी बिल हाती आलं. एकच ओळ, एकच आकडा. मुलानं तपशील विचारला, तर उत्तर मिळालं, 'आधी पैसे भरा, मग पेशंट न्या.' संध्याकाळी सुनेच्या बांगड्या सराफाकडे गेल्या, तेव्हा कुठे रात्री खाला घरी आल्या. मला म्हणाल्या, 'बेटा, मी आजारी होते की गहाण होते?' मला उत्तर देता आलं नाही.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालीच झाला होता. पण वैद्यकी त्यात येत नाही, असं डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं होतं. 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी निकाल लागला. पैसे घेऊन केलेले उपचार ही कायद्याच्या भाषेतही 'सेवा'च ठरली. सर्वांवर मोफत उपचार करणारी रुग्णालयं वगळली गेली. मात्र जिथे काहीजण पैसे भरतात आणि गरिबांवर मोफत उपचार होतात, तिथल्या गरिबालाही तोच हक्क मिळाला. निकालाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढची पावलं सावकाश पडली. मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं द्यावीत, असा नियम २००२ साली आला. बिलासाठी रुग्णाला अडकवून ठेवणं बेकायदेशीर आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली बजावलं. रुग्णालयाला थकबाकी वसूल करायची तर कायद्याची वाट आहेच. २०२१ च्या नियमांनी राज्यातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं.

तेव्हा मित्रहो, बिलाचा तपशील मागा, लेखी मागा. पावत्या जपून ठेवा. पैसे भरावेच लागले, तर हरकत लिहून द्या आणि तिची प्रत जवळ ठेवा. दोन वर्षांच्या आत आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

खाला आज हयात नाहीत. बांगड्याही सुटल्या नाहीत. असत्या तर त्यांना सांगितलं असतं, 'खाला, तुम्ही आजारीच होता. माणूस गहाण ठेवता येत नाही.'