‘मी’ची दोन घराणी

‘मला आंबे आवडतात’चं इंग्रजी करताना कल्याणच्या शिकवणीतलं पोर ‘मी लाइक मँगोज’ लिहून जातं आणि वहीवर लाल फुली उमटते. मला ती फुली बघवत नाही. त्या चुकीला फार जुनं कूळ आहे.

संस्कृतात कर्ता ‘अहम्’. ‘माम्’, ‘मया’, ‘मम’ ही इतर विभक्तींची रूपं. लॅटिनचं ‘एगो’ आणि इंग्रजीचं ‘आय’ ही ‘अहम्’ची भावंडं, तर इंग्रजी ‘मी’ हे ‘माम्’चं. गुजरातीने ‘हुं’मध्ये आणि कोकणीने ‘हांव’मध्ये ‘अहम्’ टिकवला. मराठीने तो सोडला आणि ‘म’च्या घराण्यातल्या ‘मी’ला कर्त्याच्या जागी बसवलं. त्यामुळे कानाला सारखाच लागणारा ‘मी’ आपल्याकडे कर्ता, इंग्रजीत कर्म.

दुसरी अडचण ‘मला’ची. ‘आंबा आवडतो’, ‘आंबे आवडतात’: क्रियापद आंब्याचं ऐकतं, माणसाचं नाही. जुन्या इंग्रजीतही ‘लाइक’ असंच चालायचं. आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस आपल्या ‘मला’सारखा बाजूला. शेक्सपिअरच्या नाटकांतलं ‘मीथिंक्स’ म्हणजे तर सरळ ‘मला वाटतं’. पुढे इंग्रजीने माणसालाच कर्ता केलं. आपण तसं केलं नाही, म्हणून मराठी माणसाला इंग्रजी बोलताना दर वेळी ‘मला’चा ‘आय’ करावा लागतो. 1865 साली जन्मलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी पती गोपाळरावांच्या हाताखाली इंग्रजी शिकल्या आणि 1883 मध्ये सेरामपूरच्या कॉलेजात आपण अमेरिकेला का जातोय हे त्यांनी इंग्रजीत जाहीरपणे सांगितलं. ‘मला डॉक्टर व्हायचंय’ हे सांगायला त्यांनाही हीच उडी घ्यावी लागली असणार.

इंग्रजीचं घर तरी कुठे स्थिर होतं? पूर्वी ‘तुम्ही’साठी ‘यी’ कर्ता आणि ‘यू’ कर्म. 1611 च्या बायबलात हा भेद पाळलाय, पण लोकांच्या बोलण्यात ‘यू’ने तोवर कर्त्याची जागाही घेतली होती. आज दारावर टकटक करणारा इंग्रज ‘इट्स मी’ म्हणतो. ‘इट इज आय’ हा व्याकरणकारांनी लॅटिनकडे बघून धरलेला आग्रह. या धाकाने माणसं ‘मी’लाच बिचकतात आणि ‘बिट्वीन यू अँड मी’ बरोबर असताना तिथेही ‘आय’ घालतात.