विद्युत मोटारीचा प्रत्यक्ष पल्ला

विद्युत मोटारीचा पल्ला म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण चार्ज केल्यानंतर, ती पुन्हा चार्ज न करता मोटार जेवढे अंतर कापू शकते ते अंतर होय. व्यवहारात यालाच 'रेंज' असे म्हणतात. प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीत मिळणाऱ्या अंतराला प्रमाणित पल्ला, तर नेहमीच्या रस्त्यावर व नेहमीच्या वापरात मिळणाऱ्या अंतराला प्रत्यक्ष पल्ला म्हणतात. प्रत्यक्ष पल्ला बहुधा प्रमाणित पल्ल्यापेक्षा कमी भरतो. वेग, तापमान, चढ-उतार, भार आणि चालवण्याची पद्धत यांनुसार तो बदलतो. त्यामुळे मोटारीचा पल्ला एकाच ठाम आकड्याने सांगता येत नाही. पेट्रोल पंपांच्या मानाने जलद चार्जिंग केंद्रे विरळ असल्याने हा फरक ठाऊक नसलेला प्रवासी वाटेत अडकून पडू शकतो.

पल्ल्याचे गणित

बॅटरीत साठणारी ऊर्जा किलोवॅट-तासांत मोजतात. घरगुती वीजबिलातील एक 'युनिट' म्हणजेच एक किलोवॅट-तास. बॅटरीतील वापरता येण्याजोग्या ऊर्जेला दर किलोमीटरच्या ऊर्जाखर्चाने भागले असता पल्ला मिळतो. उदाहरणार्थ, ३० युनिट ऊर्जा उपलब्ध असताना १०० किमीसाठी १० युनिट खर्च झाल्यास पल्ला ३०० किमी, १२ युनिट झाल्यास २५० किमी, १५ युनिट झाल्यास २०० किमी आणि २० युनिट झाल्यास केवळ १५० किमी भरतो.

भारतात जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या मोटारीची बॅटरी ३०.२ युनिटची होती व तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किमी होता. म्हणजे चाचणीत १०० किमीसाठी सुमारे ९.७ युनिट ऊर्जा खर्च झाली, असे गृहीत होते. हीच मोटार महामार्गावर १०० किमीसाठी १५ युनिट खर्च करू लागली, तर तिचा पल्ला सुमारे २०० किमीवर येतो. बॅटरी तीच राहते. बदलतो तो खर्चाचा दर.

प्रमाणन चाचण्या

भारतात मोटारींच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख संस्था आहे. जाहिरातींत 'एआरएआय रेंज' असा उल्लेख आढळतो तो या संस्थेच्या नावावरून. भारतीय चाचणी 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' या चालनचक्रानुसार होते. त्याचा पहिला भाग शहरी व दुसरा शहराबाहेरील वाहतुकीचा असून त्यातील कमाल वेग ताशी ९० किमी आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मोटारींसाठी लागू झालेल्या 'डब्ल्यूएलटीपी' चाचणीत कमाल वेग ताशी १३१ किमी आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था अनेक मोटारींच्या बाबतीत प्रयोगशाळेतील आकड्याला ०.७ ने गुणून मगच पल्ला जाहीर करते. त्यामुळे एकाच मोटारीचे निरनिराळ्या देशांतील आकडे भिन्न असतात आणि एका पद्धतीच्या आकड्याची दुसरीच्या आकड्याशी तुलना करणे चुकीचे ठरते.

प्रमाणित आकडा खोटा नसतो. समान परिस्थितीत दोन मोटारींची तुलना करणे हा त्याचा उद्देश असतो. प्रवासाची हमी देणे हा नव्हे. टाटा कंपनीने २०२४ मध्ये कर्व्ह ईव्ही या मोटारीच्या ५५ युनिटच्या आवृत्तीसाठी ५८५ किमी प्रमाणित पल्ल्यासोबतच ४०० ते ४२५ किमी असा प्रत्यक्ष वापरातील अपेक्षित पल्लाही जाहीर केला.

पल्ला घटवणारे घटक

वेग : हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० किमीवरून १०० किमीवर नेल्यास हवेचा रोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. टायरांचा रोध आणि इतर उपकरणांचा खर्च त्या प्रमाणात वाढत नसल्याने एकूण खर्चातील वाढ याहून कमी असते; तरीही महामार्गावर पल्ला घटण्याचे हेच मुख्य कारण आहे. पेट्रोल मोटारीच्या उलट, विद्युत मोटार शहरातील मंद वाहतुकीत बहुधा अधिक पल्ला देते.

चढ-उतार : मुंबईहून पुण्याकडे जाताना खोपोली ते लोणावळा या टप्प्यात सुमारे ५५० मीटर उंची गाठावी लागते. प्रवाशांसह १,७०० किलोग्रॅम वजनाची मोटार एवढी वर नेण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे अडीच युनिट ऊर्जा लागते. उतारावर मोटर जनित्राप्रमाणे काम करून यातील काही भाग बॅटरीत परत आणते, सर्व नव्हे.

तापमान : थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात व अंतर्गत रोध वाढतो. शिवाय इंजिनाची वाया जाणारी उष्णता उपलब्ध नसल्याने मोटारीचा आतील भाग बॅटरीवरच तापवावा लागतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, उणे ७ अंश सेल्सिअसच्या सुमारास हीटर चालू असताना पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी, तर ३५ अंशांवर वातानुकूलन चालू असताना १७ टक्क्यांनी घटला.

वातानुकूलन : हा खर्च अंतरावर नव्हे, तर वेळेवर अवलंबून असतो. वातानुकूलन यंत्र ताशी एक युनिट घेत असेल, तर ताशी ८० किमी वेगाने १०० किमी जाताना सव्वा युनिट, पण कोंडीत ताशी २० किमी वेगाने तेवढेच अंतर कापताना ५ युनिट खर्च होतात.

बॅटरीचे वय : वापर आणि काळ यांनुसार बॅटरीची धारणक्षमता हळूहळू कमी होते. अनेक उत्पादक बॅटरीसाठी ८ वर्षे किंवा १,६०,००० किमीपर्यंत हमी देतात.

पल्ला वाढवण्याचे उपाय

* वेग मर्यादित ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. १०० किमी अंतर ताशी १०० किमीऐवजी ८० किमी वेगाने कापल्यास १५ मिनिटे अधिक लागतात. परंतु वाटेतील एक चार्जिंग थांबा टळू शकतो.
* पुढील वाहतुकीचा अंदाज घेऊन वेग सावकाश कमी करावा. त्यामुळे गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. ब्रेक जोरात दाबल्यास ती बऱ्याच अंशी उष्णतारूपाने वाया जाते.
* टायरांतील हवेचा दाब उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावा. तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.
* टपावरील रिकामे कॅरिअर काढून ठेवावे आणि अनावश्यक सामान उतरवावे.
* मोटार सावलीत उभी करावी. चार्जर जोडलेला असतानाच ती आतून थंड किंवा उबदार करून घेतल्यास बॅटरीतील ऊर्जा वाचते.
* घाट उतरायचा असल्यास बॅटरी आधीच पूर्ण भरू नये. भरलेली बॅटरी उताराची ऊर्जा स्वीकारू शकत नाही. म्हणून महाबळेश्वरसारख्या ठिकाणाहून खाली निघताना थोडी जागा शिल्लक ठेवणे हितावह असते.

प्रवासाचे नियोजन

जलद चार्जिंगचा वेग साधारणतः ८० टक्क्यांनंतर बराच मंदावतो आणि बॅटरी १० टक्क्यांखाली जाऊ देणे जोखमीचे असते. त्यामुळे लांबच्या प्रवासात दोन थांब्यांदरम्यान पल्ल्याचा सुमारे ७० टक्के भागच हिशेबात धरणे योग्य. प्रत्यक्ष पल्ला २०० किमी असेल, तर पहिल्या थांब्यानंतर दर १४० किमीच्या आत चार्जिंग केंद्र लागेल, अशी आखणी करावी. ते केंद्र बंद किंवा व्यग्र असण्याची शक्यता लक्षात घेऊन जवळचे दुसरे केंद्रही हेरून ठेवावे.

मोटारीच्या पडद्यावर दिसणारे 'उरलेले किलोमीटर' हा अलीकडच्या खर्चावरून बांधलेला अंदाज असतो. घाट चढल्यावर तो एकदम घटतो, तर उतरल्यावर फुगतो. त्याऐवजी बॅटरीची टक्केवारी आणि १०० किमीमागील युनिटचा खर्च पाहून हिशेब करणे अधिक भरवशाचे असते. तसेच खरेदीच्या वेळी जाहिरातीतील आकड्यापेक्षा आपला रोजचा प्रवास, महामार्गावरील फेऱ्या आणि घरी चार्जिंगची सोय यांचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

* विद्युत वाहन
* लिथियम-आयन बॅटरी
* किलोवॅट-तास