डोळ्यातले आगंतुक

स्टॅनमोर-हॅरोच्या मराठी घरांत मधुमेहाची गोळी आता चहाइतकीच ओळखीची झाली आहे. पण या रोगामुळे डोळ्याच्या पुढल्या भागात नको तिथे रक्तवाहिन्या उगवू शकतात, हे पुष्कळांना माहीत नसते. या वाहिन्या का उगवतात, याचा शोध काही अंशी याच देशात लागला.

डोळ्याची पुढची काच म्हणजे कॉर्निया. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती पारदर्शक राहते. प्राणवायू तिला मुख्यतः हवेतून मिळतो.

तिथे वाहिन्या शिरण्याचे जुने कारण म्हणजे जंतुसंसर्ग आणि दाह. नेपोलियनच्या काळात इजिप्तमध्ये लढलेले ब्रिटिश सैनिक डोळ्यांची साथ घेऊन परतले. त्या धामधुमीत १८०५ साली जॉन कनिंगहॅम सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये दवाखाना काढला. त्याचेच पुढे मूरफील्ड्स रुग्णालय झाले. त्या साथीत खुपऱ्यांचा मोठा वाटा होता. खुपऱ्यांमध्ये कॉर्नियाच्या वरच्या कडेकडून वाहिन्या खाली सरकतात. आपल्या आजी-पणजींना हा रोग चांगला ठाऊक होता. भारतात खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेल्या नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले.

दुसरे कारण प्राणवायूची टंचाई. हवा कोंडणारी कॉन्टॅक्ट लेन्स रात्रंदिवस घातली, तर कॉर्नियाच्या कडेला वाहिन्या फुटू लागतात. मधुमेहात टंचाई होते ती मागच्या दृष्टिपटलात. उपाशी दृष्टिपटल एखादे द्रव्य सोडून नव्या वाहिन्यांना बोलावत असावे, असा तर्क ग्लासगोचे डॉ. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला. व्ही.ई.जी.एफ. हे प्रथिन १९८९ मध्ये हाती आले आणि १९९४ मध्ये ते मधुमेहींच्या डोळ्यांतील द्रवात वाढलेले आढळले. ते पुढे झिरपले की बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यावर वाहिन्यांचे जाळे पसरते, डोळ्यातले पाणी वाहून जाण्याची वाट बुजते आणि अतिशय दुखणारा काचबिंदू होतो.

हे आपल्या दाराशी आलेले संकट आहे. साउथॉलच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण युरोपियनांच्या जवळजवळ चौपट निघाले. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे काढण्याची राष्ट्रीय योजना सुरू आहे. "मला तर स्वच्छ दिसते," म्हणून तिचे पत्र बाजूला ठेवू नये. दृष्टिपटलातला बिघाड वेळीच सापडला, तर लेसरने किंवा इंजेक्शनने या आगंतुकांना बहुधा उंबरठ्याबाहेरच थोपवता येते.