मोटारींचा आल्बम

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, बखरी आणि पडके किल्ले उभे राहतात. मोटारीच्या नंबराची पाटी हेही इतिहासाचे एक साधन आहे असे कोणी म्हटले, तर वाचक हसतील. पण गेल्या उन्हाळ्यात गोंदियातील एका भातगिरणीच्या ओसरीवर आम्ही पाचजण जुन्या फोटोंचा आल्बम उघडून बसलो होतो, आणि वाद पेटला तो अशाच एका पाटीवरून.

आल्बम गिरणीमालकांच्या वडिलांचा. ते तरुणपणी धान्याच्या व्यापारानिमित्त मुंबईस असत आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा खांद्याला अडकवून जुहूच्या धावपट्टीवर स्पोर्ट्‌स मोटारींच्या शर्यती पाहावयास जात. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उतरले ते इथेच. पुढे मोठी विमाने सांताक्रूझला गेली, आणि लांबलचक सरळ पट्टी पाहून मोटारवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटले नसते तरच नवल! मद्रासजवळ शोलावरमलाही महायुद्धातली धावपट्टीच शर्यतींच्या कामी आली. धावपट्टी तर आमच्या गोंदियाजवळ बिरसीलाही होती. ब्रिटिशांनी ती १९४० मध्ये बांधली. पण गोंदियात स्पोर्ट्‌स गाड्या होत्या कुठे?

निदान आमची तशी समजूत होती. आल्बमातल्या आठव्या की नवव्या पानावर एक उघडी, दोन माणसांची, तारेच्या आऱ्यांची चाके असलेली चिमुकली गाडी आहे. बाजूला दहाबारा गाड्यांची रांग, मागे नारळाची झाडे. गाडी एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ हे आमच्यातल्या शौकिनांनी तत्काळ ओळखले. पण पाटीवरची पहिली दोन अक्षरे भिंगातून वाचली तेव्हा सगळे चमकले. ती होती सी. पी.!

१९३९ च्या मोटार कायद्यात प्रत्येक प्रांताला अक्षरे वाटून दिली होती. मुंबई प्रांताला बी. एम. आणि बी. वाय., आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाला सी. पी. म्हणजे जुहूच्या वाळूवर मिरवणारी ही गाडी मूळची आमच्या मुलखातली! आमच्यातले एक निवृत्त कारकून नियमांचे भोक्ते. ते म्हणाले, “परप्रांतात गाडी बारा महिन्यांवर राहिली तर नवा नंबर घ्यावा लागे. मग हा जुना कसा राहिला?” यावर बराच खल झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरची गाडी मुंबईला परप्रांतातली राहिली नाही. जबलपूरची मात्र राहिली. तेव्हा गाडी नागपूरकडची असावी, असा आमचा तर्क. तर्कच तो, पण दुसरे स्पष्टीकरण कोणाला सुचले नाही.

त्या दोन अक्षरांपाशी मी जरा रेंगाळलो, याबद्दल वाचकांनी रागावू नये. वर्गात मुलांना आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. भंडारा आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात, १९५० पासून मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. आणि १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. आज आमच्या गाड्यांवर एम. एच. ३५ असते. ज्यांनी आयुष्यात गावची शीव ओलांडली नाही, असे आमचे आजोबा घरबसल्या चार राज्ये फिरून आले!

असो. टी. सी. ही गाडी इंग्लंडात १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली, सुमारे दहा हजार. इकडे १९४९ मध्ये सरकारने तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सनेही १९५४ मध्ये कारखाना बंद केला. त्यामुळे देशात जी गाडी होती ती होती. तिला जगवणे भाग होते. आणि जगवणार कोण? मालक नव्हे.

हे मला कळले ते आमच्यातल्या पाचव्या माणसामुळे. पंचाहत्तरी ओलांडलेले हे मिस्त्रीकाका पोरवयात मुंबईच्या एका गॅरेजात होते, नंतर गोंदियाला परतून ट्रक दुरुस्त करीत राहिले. तासभर ते गप्प होते. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “गुरुजी, या गाडीचा पाना विलायती अन् आटे फ्रान्सचे. म्हणून तर बोल्ट बाजारात भेटत नव्हता.”

मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पण गोष्ट अगदी खरी आहे. एम. जी.चे हे इंजिन कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्याच्या परंपरेतले, तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरच्या मापाचे. पण इंग्रज कारागिरांच्या हाती इंग्रजी पाने, म्हणून बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे. असा संकर दुकानात मिळणार कसा? उस्ताद लेथवर एकेक बोल्ट कातून काढीत आणि हा पोरगा तेल सोडी. गाडीच्या अंगाचा सांगाडाही लाकडी, अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाचा. दोनचार पावसाळ्यांत तो कुजला की सुतार बोलावून सागात नवा बसवीत.

यावर शौकिनांत पुन्हा जुंपली. सागाचा सांगाडा म्हणजे गाडी अस्सल राहिली का? २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, आणि पाटीवर व्ही. ए. ही अक्षरे. अट एवढीच की ती मूळ रूपात असावी, साटा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. नियम करणारांचा हेतू चांगलाच आहे. पण माझे मत विचाराल तर साग घातलेली गाडीच आपली अस्सल; विलायती लाकडाची तर इंग्रजांकडेही आहे.

मिस्त्रीकाकांनी मग फोटो उलटा केला. मागे शाईने गाडीचे नाव, नंबर आणि मालकाची पदवी सुरेख अक्षरांत लिहिली होती. पुढच्या बाजूस बॉनेटवर कोपर टेकून मालक हसत आहेत, आणि कडेला, निम्मे चौकटीबाहेर, हातात चिंधी घेतलेले पाच जण उभे आहेत. त्यांच्याबद्दल अक्षर नाही. सगळा आल्बम आम्ही उलटून पाहिला, अडुसष्ट फोटो. मोटारींची नावे बहुतेकांवर, कुत्र्याचे नाव एकावर, मिस्त्रीचे एकावरही नाही.

“हा आमचा उस्ताद,” काका म्हणाले, आणि त्यांनी नाव सांगितले. दुसऱ्या एकाचे आठवायला त्यांना चहाचे दोन कप लागले. तिसऱ्याचे गाव आठवले, नाव नाही. गिरणीमालक आत जाऊन पेन्सिल घेऊन आले. शाईच्या ओळीखाली मी दोन नावे लिहिली, तिसऱ्यापुढे गाव लिहिले, आणि उरलेल्या दोघांसाठी जागा सोडली. मिस्त्रीकाका बुधवारी पुन्हा येणार आहेत. तोवर त्यांनी तो फोटो घरी नेला आहे.