बैठक किती खोल असावी?

पायांचा व्यायाम म्हटला, की तालमीतल्या जुन्या पिढीला बैठका आठवतात आणि जिममधल्या तरुणाला खांद्यावर बार घेऊन केलेले स्क्वॉट. दोहोंची मूळ क्रिया एकच. कंबर आणि गुडघे वाकवून खाली जायचे व पुन्हा उभे राहायचे. मात्र खाली किती जायचे, यावर व्यायामशाळांमध्ये अनेक वर्षे वाद आहे. बारवर भरपूर प्लेट चढवून गुडघे जेमतेम वाकवणारे जसे दिसतात, तसेच पोटरीला मांडी टेकेपर्यंत खाली गेल्याशिवाय बैठक मोजायचीच नाही, असे म्हणणारेही भेटतात. गेल्या काही वर्षांतील अभ्यासांमुळे या वादाचे बरेचसे उत्तर आता हाती आले आहे.

खोली मोजायची कशी?

पाय ताठ असताना गुडघ्याचा कोन शून्य अंश धरला, तर ६० अंशांपर्यंतची बैठक उथळ ठरते. ९० अंशांच्या बैठकीला सर्वसाधारणपणे अर्धी म्हणतात. त्याहून खाली गेल्यावर मांडी जमिनीला समांतर येते आणि १२० ते १४० अंशांपर्यंत गेल्यास ती पूर्ण बैठक होते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत कमरेचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेला, तरच पंच प्रयत्न ग्राह्य धरतात.

प्रयोग काय सांगतात?

२०१३ साली ब्लूमक्विस्ट व सहकाऱ्यांनी १७ तरुणांचे दोन गट करून त्यांच्याकडून १२ आठवडे वजनासह बैठका करून घेतल्या. एक गट १२० अंशांपर्यंत खाली जाई, दुसरा केवळ ६० अंशांपर्यंत. खोल बैठका घेणाऱ्यांची मांडीची पुढची बाजू मोजलेल्या सर्व ठिकाणी भरली. उथळ बैठका घेणाऱ्यांची वाढ मात्र मांडीच्या वरच्या भागापुरतीच राहिली. उथळ बैठकीत वजन जास्त उचलता येते, तरीही हा फरक पडला.

जपानमधील कुबो व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याहून बारकाईचा आहे. त्यातही १७ पुरुष होते. आठवड्यातून दोनदा, असे १० आठवडे एका गटाने १४० अंशांची पूर्ण बैठक घेतली, तर दुसऱ्याने ९० अंशांची अर्धी. स्नायूंचे आकारमान एमआरआय तपासणीने मोजण्यात आले. गुडघा सरळ करणारे मांडीच्या पुढचे स्नायू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच वाढले. पूर्ण बैठकीत ही वाढ ४.९ टक्के होती, तर अर्ध्या बैठकीत ४.६ टक्के. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू मात्र पूर्ण बैठकीने ६.२ टक्के वाढले आणि अर्ध्या बैठकीने २.७ टक्केच. नितंबाच्या मोठ्या स्नायूची वाढ अनुक्रमे ६.७ व २.२ टक्के होती.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले, की अर्थ स्पष्ट होतो. मांडीचा पुढचा भाग वाढवण्यासाठी ६० अंश अपुरे पडतात, ९० अंश बव्हंशी पुरतात. नितंब आणि मांडीची आतली बाजू भरायची असेल, तर मात्र त्याहून खाली जाण्याला पर्याय नाही.

कारण काय?

स्नायू ताणलेल्या अवस्थेत असताना त्यावर भार आला, तर वाढीला चांगली चालना मिळते, असे मानले जाते. बैठक जितकी खोल, तितका नितंबाचा स्नायू ताणला जातो आणि वर येताना त्याला अधिक काम करावे लागते. मांडीच्या मागच्या स्नायूंची गोष्ट वेगळी आहे. ते कंबर व गुडघा या दोन्ही सांध्यांवरून जातात. खाली जाताना ते कमरेशी ताणले जातात, पण गुडघ्याशी सैल पडतात. त्यामुळे त्यांची एकूण लांबी फारशी बदलत नाही. जपानी अभ्यासात या स्नायूंची दोन्ही गटांत वाढ झाली नाही, याचे हेच कारण असावे. मांडीच्या पुढे मधोमध असणारा दोन सांध्यांवरचा स्नायूही तसाच राहिला. त्यांच्यासाठी लेग कर्ल, लेग एक्स्टेन्शन यांसारखे वेगळे व्यायाम करावे लागतात. केवळ बैठकांवर विसंबणाऱ्याचे पाय एकांगी वाढतात, ते यामुळेच.

गुडघ्यांचे काय?

खोल बैठकीने गुडघे जातात, ही समजूत जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतील कार्ल क्लाइन यांनी अशा बैठकांमुळे गुडघ्याचे बंध सैल होतात, असे मत मांडले आणि ते दूरवर पसरले. नंतरच्या अभ्यासांतून त्याला दुजोरा मिळाला नाही. जर्मनीतील हार्टमान व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. निरोगी व्यक्तीने योग्य पद्धतीने, हळूहळू वजन वाढवत घेतलेली खोल बैठक गुडघ्याला घातक नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उलट अर्ध्या बैठकीत पेलवते म्हणून चढवलेले अवाजवी वजन गुडघे आणि मणक्यांवर भार टाकते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

तासन् तास उकिडवे बसणे मात्र निराळे. तरुणपणी दिवसाचा बराच वेळ उकिडवे बसणाऱ्या वृद्धांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण अधिक असल्याचे बीजिंगमधील २००४ च्या अभ्यासात आढळले होते. व्यायामातील काही सेकंदांच्या बैठकीला तो निष्कर्ष लावता येत नाही.

मग करावे काय?

वरील प्रयोग लहान होते आणि तरुण पुरुषांवर झाले होते. त्यामुळे त्यांतील आकडे स्त्रियांना वा वृद्धांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे. टाचा जमिनीवर टेकलेल्या, पाठ न गोलावलेली आणि गुडघे पावलांच्या दिशेने, अशा स्थितीत जेवढे खाली जाता येते, तीच त्या व्यक्तीची योग्य खोली. घोट्याची लवचिकता, मांडीच्या हाडाची लांबी आणि कमरेच्या सांध्याची ठेवण यांनुसार ती माणसागणिक बदलते. टाचा उचलल्या जात असतील, तर त्यांखाली पातळ फळी ठेवता येते.

खोली वाढवताना वजन कमी करावे लागते. जिममध्ये नेमका हाच सल्ला अनेकांच्या जिवावर येतो. पण बारवरचा आकडा आणि स्नायूची वाढ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गुडघ्याचे जुने दुखणे, शस्त्रक्रिया अथवा सूज असल्यास अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच खोली ठरवावी. खुर्चीतून उठताना, जिना चढताना नितंब आणि मांड्याच शरीर वर उचलतात. बैठकीची खोली हा म्हणूनच केवळ पीळदार पायांच्या हौसेचा विषय नाही. उतारवयात कुणाच्या आधाराविना उभे राहता येण्याशीही त्याचा संबंध आहे.