कळ जुनी, बोली नवी

संगणकाच्या जगात जुन्या वस्तूला सहसा मान नसतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोसेसर रोजच्या कामाला निरुपयोगी ठरतो आणि त्या काळचा अवजड मॉनिटर भंगारवाल्याच्या गाडीवर जातो. या नियमाला एक ठळक अपवाद आहे, तो कळफलकाचा. १९८० च्या दशकात कारखान्यातून बाहेर पडलेले काही कीबोर्ड आज इंटरनेटवरील लिलावांत शेकडो डॉलरना विकले जातात आणि अतिदुर्मिळ नमुन्यांची बोली हजारांच्या घरात जाते. एके काळी कार्यालये नवे संगणक घेताना हेच कळफलक कचऱ्यात टाकत असत.

या बाजारात उतरू पाहणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. कळेखाली नेमके काय आहे, लिलावाचा हिशेब कसा चालतो आणि आपल्या खरेदीमुळे मागे काय उरते, या त्या तीन गोष्टी होत. यांपैकी तिसरी बहुधा कोणी विचारात घेत नाही.

कळेखालची स्प्रिंग

आजच्या बहुतेक स्वस्त कळफलकांत प्रत्येक कळेखाली रबराची लहानशी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी चेपते आणि खालच्या प्लास्टिकच्या पातळ पडद्याचे दोन थर एकमेकांना टेकतात. ही रचना स्वस्त आणि शांत आहे. मात्र अक्षर नेमके कोणत्या क्षणी उमटले, हे बोटाला स्पष्टपणे जाणवत नाही.

जुन्या कळफलकांची गोष्ट निराळी होती. आयबीएमचे अभियंता रिचर्ड हंटर हॅरिस यांना १९७८ मध्ये 'बकलिंग स्प्रिंग' या रचनेचे अमेरिकी पेटंट मिळाले. या रचनेत कळेखाली एक उभी स्प्रिंग असते. ठरावीक दाब पडताच ती एका बाजूला वाकते आणि तळाशी असलेली छोटी पट्टी झटक्याने खाली आपटते. 'टक्' असा आवाज, बोटाला जाणवणारा झटका आणि विजेचा संकेत हे तिन्ही जवळपास एकाच क्षणी घडतात. टंकलेखन यंत्रावर बोटे बसलेल्या पिढीला ही जाणीव परिचयाची होती.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक आला, तो ८३ कळांच्या 'मॉडेल एफ' कळफलकासह. त्यात पट्टीच्या हालचालीने विद्युतधारकता बदलते आणि त्यावरून कळ ओळखली जाते. १९८५ च्या सुमारास आलेल्या 'मॉडेल एम'मध्ये स्प्रिंग तीच राहिली, पण खाली स्वस्त पडदा आला. १०१ कळांची जी मांडणी आज आपण गृहीत धरतो, ती याच पिढीने रूढ केली. आयबीएमने १९९१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील हा व्यवसाय वेगळा केला आणि त्यातून लेक्समार्क कंपनी उभी राहिली. १९९६ मध्ये लेक्समार्कने कळफलकांतून अंग काढून घेतल्यावर त्याच गावातील युनिकॉम्पने यंत्रसामग्री घेऊन उत्पादन पुढे चालू ठेवले.

संग्राहकांची आवड आयबीएमपुरती मर्यादित नाही. ॲपलने १९८७ मध्ये आणलेल्या 'एक्स्टेंडेड कीबोर्ड'मध्ये जपानच्या आल्प्स कंपनीच्या कळा होत्या. बोटांखालच्या त्यांच्या भरीव स्पर्शामुळे तो आजही शोधला जातो. जर्मनीत रुजलेल्या चेरी कंपनीच्या 'एमएक्स' कळा १९८० च्या दशकातील अनेक टर्मिनलांत सापडतात. दुर्मिळतेच्या शिखरावर आहे तो अमेरिकेतील एमआयटीच्या 'लिस्प' यंत्रांचा 'स्पेस कॅडेट' कळफलक. शिफ्ट आणि कंट्रोलखेरीज त्यावर मेटा, सुपर, हायपर अशा जादा कळा होत्या. त्याच्या कळांखाली हनिवेलच्या मायक्रो स्विच विभागाची चुंबकावर चालणारी रचना होती. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला 'हॉल परिणाम' हा तिचा आधार होय.

शीर्षक नव्हे, लेबल वाचावे

या लिलावांचे वैशिष्ट्य असे की, विक्रेत्याला आपण काय विकतो आहोत हे अनेकदा ठाऊक नसते. गोदाम रिकामे करणारा माणूस 'जुना संगणक कीबोर्ड, चालतो की नाही माहीत नाही' एवढेच लिहून मोकळा होतो. कंपनीचे नाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेले असते, नाहीतर लिहिलेलेच नसते. त्यामुळे मुरलेला ग्राहक नेमक्या नावाने शोध घेऊन थांबत नाही. तो ढोबळ शब्दांनी शोधतो आणि छायाचित्रे पाहतो.

सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र असते ते कळफलकाच्या पाठीचे. आयबीएमच्या लेबलवर भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. अमेरिकी मांडणीच्या सर्वपरिचित मॉडेल एमचा भाग क्रमांक १३९१४०१ आहे. पाठीचे छायाचित्र दिलेले नसेल, तर विक्रेत्याकडून ते मागवावे. एखादी कळटोपी काढून आतले छायाचित्र द्यायला तो तयार झाला, तर स्प्रिंग आहे की रबर, हा प्रश्नच मिटतो. विंडोजची कळ १९९४ नंतर प्रचारात आली. त्यामुळे ती नसलेला कळफलक बहुधा त्याआधीच्या रचनेचा असतो. मात्र नसलेल्या कळेवरून दर्जा ठरवू नये, कारण त्या काळातही स्वस्त कळफलक बनतच होते.

पिवळेपणाला फार घाबरू नये. प्रकाशामुळे आणि प्लास्टिकमधील ज्वालारोधक द्रव्यांमुळे जुनी आवरणे पिवळी पडतात. २००८ पासून हौशी मंडळी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून हा रंग उतरवू लागली. अर्थात काही काळाने तो परतही येतो. मॉडेल एमच्या कळटोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असून अक्षरांचा रंग प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, त्यामुळे त्या सहसा पिवळ्या पडत नाहीत आणि अक्षरेही पुसली जात नाहीत.

खरे दोष आत दडलेले असतात. मॉडेल एमचे थर प्लास्टिकच्या बारीक रिव्हेटांनी जोडलेले असतात. वयोमानाने किंवा आपटल्याने या रिव्हेटांची डोकी तुटतात आणि कळा सैल लागू लागतात. मॉडेल एफच्या आतला फोमचा थर कालांतराने भुगा होतो. दोन्ही दोष दुरुस्त करता येतात, पण त्यासाठी संपूर्ण कळफलक उघडावा लागतो. ही तयारी नसेल तर 'न तपासलेला' कळफलक स्वस्त पडत नाही.

शेवटच्या मिनिटाचे गणित

पिअर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केलेले लिलावाचे संकेतस्थळ पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर होता. किंमत आली १४.८३ डॉलर. मोडक्या वस्तूलाही कोणीतरी गिऱ्हाईक असते, हा या व्यापाराचा पाया तेव्हाच घातला गेला.

ईबेवर ग्राहक आपली कमाल बोली नोंदवतो आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. जिंकणाऱ्याला आपली संपूर्ण रक्कम नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचित अधिक रक्कम द्यावी लागते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या लिलावाच्या सिद्धान्ताशी ही पद्धत मिळतीजुळती आहे. १९९६ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. या पद्धतीचा व्यवहारी अर्थ असा: वस्तू आपल्यासाठी किती मोलाची आहे हे थंड डोक्याने ठरवावे, तेवढी बोली एकदाच लावावी आणि हरलो तर सोडून द्यावे.

तरीही जाणकार अखेरच्या काही सेकंदांपर्यंत बोली का रोखून धरतात? ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा मागोवा घेतला. ईबेवर लिलाव ठरल्या वेळी संपतो. ॲमेझॉनच्या त्या काळच्या लिलावांत मात्र शेवटी बोली आली की मुदत वाढत असे. उशिरा बोली लावण्याचे प्रमाण ईबेवर अधिक आढळले. शिवाय ईबेवर ही सवय संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावांत जास्त होती. जाणकाराने लवकर बोली लावली, तर वस्तू अस्सल असल्याची जणू साक्षच इतरांना मिळते. म्हणून तो गप्प राहतो. जुना कळफलक संगणकाचा भाग असला, तरी लिलावात तो पुराणवस्तूसारखा वागतो तो यामुळेच.

जपानमध्ये १९९९ पासून चालणारे याहूचे लिलाव हे दुसरे मोठे शिकारक्षेत्र आहे. आल्प्ससारख्या जपानी कळांचे कळफलक तेथे निघतात. तेथे विक्रेत्याला मुदत आपोआप वाढवण्याची सोय निवडता येते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाची युक्ती दर वेळी चालत नाही. 'जंक' असा शेरा असेल, तर वस्तू चालेल याची हमी नाही असे समजावे. परदेशी ग्राहकाला बहुधा मध्यस्थ कंपनीमार्फत खरेदी करावी लागते आणि तिचे शुल्क वेगळे पडते.

बोली जिंकल्यानंतर

मॉडेल एमचे वजन दोन किलोहून अधिक भरते. परदेशातून मागवल्यास टपालखर्च अनेकदा कळफलकाच्या किमतीला मागे टाकतो. सीमाशुल्क आणि वापरलेल्या वस्तूंच्या आयातीचे नियम बोली लावण्यापूर्वीच विचारून घ्यावेत. भारतीय ग्राहकासाठी एक दार मध्यंतरी बंद झाले आहे. मुंबईत सुरू झालेली बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये विकत घेतली आणि तिचे ईबे इंडिया झाले. पुढे २०१७ मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडले.

जोडणीचाही विचार हवा. पीएस/२ जोडणीचा मॉडेल एम यूएसबीला लावण्यासाठी साधी प्लास्टिकची जोडखुंटी पुरत नाही. संकेतांचे रूपांतर करणारा इलेक्ट्रॉनिक परिवर्तक लागतो. पहिल्या पीसीचा ८३ कळांचा कळफलक १९८४ च्या 'एटी' संगणकाशीही बोलत नव्हता. टर्मिनलांचे कळफलक तर आणखी वेगळी भाषा बोलतात आणि त्यांच्यासाठी खास परिवर्तक बनवून घ्यावा लागतो.

आपल्याकडचा ठेवा

जुन्या दमदार कळांसाठी प्रत्येक वेळी समुद्रापार जाण्याची गरज नाही. चेरीच्या निळ्या कळा वापरलेला 'टीव्हीएस गोल्ड' हा भारतीय कळफलक अनेक वर्षे कार्यालयांत आणि माहिती नोंदवण्याच्या केंद्रांत खडखडत होता. त्यावर काम केलेल्यांना त्याचा आवाज आजही ओळखता येईल. देवनागरी अक्षरे छापलेल्या जुन्या कळफलकांचे मोल तर निराळेच आहे. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात इन्स्क्रिप्ट मांडणी समाविष्ट झाली आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकावर भारतीय लिप्या आणल्या. मराठी संगणकावर कशी आली, याचा पुरावा या कळफलकांच्या टोप्यांवर आहे. भंगारात प्लास्टिकच्या भावाने तो वितळतो आहे.

पोरके टर्मिनल

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे वळू. लिलावाने असंख्य कळफलक भंगारातून वाचवले, हे निर्विवाद. पण त्याच लिलावाने कळफलक आणि यंत्र यांची ताटातूटही केली. टर्मिनलची काचेची अवजड पडदापेटी पाठवणे खर्चिक आणि जोखमीचे असते. कळफलक मात्र खोक्यात मावतो आणि हातोहात खपतो. म्हणून विक्रेता कळफलक वेगळा काढून विकतो आणि उरलेले यंत्र भंगारात देतो. काही ग्राहक तर केवळ कळटोप्यांसाठी किंवा कळांसाठी अख्खा कळफलक सुटा करतात.

परिणाम दूरगामी आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलचा कळफलक हेडफोनसारख्या खुंटीने जोडला जातो आणि त्याचे संकेत त्याच यंत्राला कळतात. तो गेला की दुसरा कोणताही साधा कीबोर्ड त्याची जागा घेऊ शकत नाही. पडदा उजळतो, पण यंत्रावर एक अक्षरही उमटवता येत नाही. संग्रहालये आणि जुनी यंत्रे चालती ठेवणारे अभ्यासक यांना कळफलकाविना पडलेले टर्मिनल ही नित्याची अडचण आहे. सुटा कळफलक मिळवायचा, तर त्यांना हौशी संग्राहकाच्या बोलीशी स्पर्धा करावी लागते.

यावर उपाय अवघड नाहीत. यंत्रासह कळफलक विकला जात असेल, तर जोडी फोडण्याचा आग्रह विक्रेत्याकडे धरू नये. रोजच्या टंकनासाठी स्प्रिंगचा स्पर्श हवा असेल, तर त्याच पद्धतीचा नवा कळफलक घ्यावा किंवा लाखोंनी बनलेला मॉडेल एम शोधावा. दुर्मिळ टर्मिनलचा सुटा कळफलक हाती आला, तर त्याचे लेबल, जोडतार आणि मूळ कळटोप्या जपाव्यात आणि परिवर्तक असा बसवावा की तो पुन्हा काढता येईल. उद्या कोणाकडे त्याचे यंत्र निघाले, तर जोडी पुन्हा जुळली पाहिजे.